खालच्या दोन ओळी

डबा उघडला की आधी व्हिनेगरचा वास येतो,
मग चित्रपट.
लॉ कॉलेज रोडवरच्या थंड तळघरात
चौदा रिळं, तेरा शाबूत.
तेलुगू, कृष्णधवल,
कुण्या जुन्या दरबारी कवीचं आयुष्य.
माझं काम त्याच्या पायाशी मराठी घालायचं,
एका वेळी दोन ओळी, ओळीत पस्तीस अक्षरं,
पैसे मिनिटावर.

नट जाडा आहे. त्याच्या गळ्यातले खोटे मोती
चालताना एकमेकांवर आपटतात,
ध्वनिमुद्रणवाल्याने तसेच राहू दिलेत.
पद्य म्हणताना तो एक आकार धरतो
आणि सोडतच नाही.
मी घड्याळ लावलं. अकरा सेकंद.
अकरा सेकंद नुसता आ.
खाली काय लिहू?

मला तेलुगू येत नाही.
सोबत टाइप केलेला एक सारांश आला होता,
त्यात 'कवी राजाची स्तुती करतो',
तीन पद्यांना तेच वाक्य तीनदा.

म्हणून भवानी पेठेतून मल्लेशम येमूल येतात,
शाळेच्या गणवेशांचे शिंपी, वय अठ्ठ्याहत्तर.
घरात तेलुगू, गल्लीत मराठी,
वाचायला फक्त मराठी.
'लिपी आमचे आजोबा येताना गाडीतच विसरले.'
त्यांना अर्धं समजतं,
उरलेल्या अर्ध्याला मान डोलावतात.

पाचव्या रिळात राजा कवीच्या पायात
सोन्याचं कडं घालतो.
नवव्यात राजा मरतो.
दहाव्यात नवा राजा म्हणतो, ग्रंथ उत्तम,
अर्पणाच्या पद्यातलं नाव तेवढं बदला.
कवी बोटांवर मोजतो. पुन्हा मोजतो.
दोन मात्रा तोकडं.
'महाराज, आपण वृत्तात बसत नाही.'
येमूल एवढे हसतात की खोकला लागतो.
'कापड कमी आणलं की
आम्ही पण गिऱ्हाइकाला हेच सांगतो.'
मी अक्षरं मोजते. पंधरा.
ओळीत बसतं.

अकरावं रीळ गेलंय.
आधी कडांना पांढरे फुगे,
मग खांब, मग सिंहासन, मग नटाची हनुवटी.
मग नुसता उजेड.
पण आवाजाची पट्टी वाचली आहे,
आणि त्या उजेडात कवी काहीतरी म्हणतोय,
राजासमोर की घरी, कळायला मार्ग नाही.
सारांशात या रिळापुढे फुली.

येमूल पुढे झुकतात. ओठ हलतात त्यांचे.
पडद्याच्या एक शब्द आधी हलतात.
'ऐकलंय तुम्ही हे?'
'आई म्हणायची, विड्या वळताना.
सोलापूरला तंबूत पाच वेळा पाहिला होता तिने.'
'अर्थ?'
'तो कधी विचारला नाही.'
मग बऱ्याच वेळाने,
'शेवटी कडं येतं. कडं काढून देतोय तो.
नाहीतर परत मागतोय.
तिथं एक क्रियापद आहे बघा,
आई नेमका तेव्हाच दोरा दातात धरायची.'

रीळ मागे नेलं.
त्या क्रियापदावर मोती वाजतात.
पुन्हा नेलं. पुन्हा मोती.

देतो की मागतो,
खालची जागा मी कोरी ठेवली.
हिशेबाचे लिमये चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
'या नऊ मिनिटांत एकही ओळ नाही,
आणि पैसे लावलेत पूर्ण?'
लाल शाईने नऊ मिनिटं कापली.
मी भांडले नाही. खरं तर थोडी भांडले.

येमूलांनी काही घेतलं नाही.
चहा घेतला, दोनदा,
आणि तेवढा तुकडा मोबाइलमध्ये भरून मागितला.
संध्याकाळी नळ स्टॉपला दिसले
बसच्या रांगेत,
गळ्यात मापाची टेप तशीच, मोबाइल कानाशी.
दोन बस सोडल्या त्यांनी.
ओठ हलत नव्हते आता.
दात मिटलेले, मान किंचित वाकडी,
जसा दोरा ओढून धरतात.